मदत हवी आहे: डिर्न्डलच्या कमरेची शिवण फुगते

बव्हेरियन डिर्न्डल (दक्षिण जर्मनीतला पारंपरिक पोशाख: घट्ट चोळी, तिला जोडलेला चुणीदार घागरा आणि वर एप्रन) शिवतेय, रोज घालायचा, मशीनमध्ये धुता येणारा. पातळ सुती पॉपलिन. चोळीला प्रिन्सेस कट, सुती अस्तर, पुढे बटणं. कंबर 76 सेंमी, घागऱ्याचा घेर 3 मीटर, म्हणजे जवळपास चौपट चुण्या. लांब टाक्याच्या दोन ओळी ओढून मशीनवर जोडला, तर शिवणीची माया (टाक्याबाहेर राहिलेलं कापड) वर वळून चोळी उचलते आणि एप्रनखाली फुगवटा दिसतो. माया 1 सेंमीवर छाटून इस्त्री केली, फरक नाही. घेर कमी करायचा नाही, सगळी शोभा त्यातच आहे.

आता हाताने समान धावदोरे घालून नळीसारख्या उभ्या चुण्या पाडायच्या आणि चोळीच्या दुमडलेल्या काठाला एकेक टाचायची, असं ठरवलंय. एवढ्या पातळ कापडाला टाका किती मिलिमीटरचा, ओळी किती, आणि चुण्यांना भर यावी म्हणून घागऱ्याच्या वरच्या दुमडीत फ्लॅनेलची (मऊ, जाडसर कापडाची) पट्टी घालावी का?