मालवणात रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवा
तारकर्लीत राहिलात तरी जेवायला मालवण बाजारात या, हा सल्ला पटतो, पण तिथे कधीही गेलं तरी ताजा मासा मिळतो असं म्हणतात ते नाही पटत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा पानात आलेली सुरमई बहुतेक बर्फातलीच असते.

आम्ही पहिल्या रात्री साडेनवाला बाजारात गेलो तर दोन खानावळींत मासे संपलेले, पोरं अंडाकरी खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी तारकर्लीजवळच्या देवबागला जिथे उतरलो होतो त्या काकींना दुपारीच सांगून ठेवलं, तर रात्री तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा मसाला) घातलेलं बांगड्याचं तिखलं, तव्यावरची गरम भाकरी आणि ताज्या नारळाच्या रसाची सोलकढी, हाताचा तिरफळाचा वास सकाळपर्यंत गेला नव्हता. फक्त किती माणसं ते नक्की सांगा, त्या मोजूनच मासे घेतात.