मदत हवी आहे: भावासाठी समुपदेशन सुरू करायचं आहे, सुरुवात कुठून?

साताराकर: धाकटा भाऊ, वय २६, पुण्यात नोकरी. दोन महिने झाले, पहाटे तीनला झोप उडते, जेवण निम्म्यावर आलंय, सुट्टीच्या दिवशी खोलीबाहेर येत नाही. ‘कुणाशी तरी बोलायला हवं’ असं तो स्वतःच म्हणाला. आधी मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? पदवी खरी आहे हे कसं पाहायचं? मराठीत बोलणारं कुणी मिळालं तर बरं.

मनवा: सगळ्यात आधी एक प्रश्न त्याला सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. उत्तर हो असेल आणि कसं, कधी हेही ठरलेलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका, आजच रुग्णालय गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

तसं नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. झोप आणि भूक दोन्ही इतके दिवस बिघडली आहेत, म्हणून. थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. यांची कमतरताही असाच थकवा, अशीच उदासी आणते. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या तर मनावर फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. नेमकं तिथेच लोक ‘मानवत नाहीत’ म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावर परस्पर बंद करणं तितकंच वाईट.

रेघ: पदवीचं सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम; त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची (मानसिक आजारांवर गोळ्यांशिवाय, थेरपीने काम करणारे मानसशास्त्रज्ञ) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असते, क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. समुपदेशकांच्या बाबतीत जपून. मानसशास्त्रात एमए करून, पुढे थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले उत्तम समुपदेशक आहेत, पण दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावणारेही आहेत. नावाआधीचं ‘डॉ.’ पीएचडीचंही असू शकतं, त्यावर गोळ्या लिहून देता येत नाहीत.

वेळ घेण्याआधी फोनवर विचारा: नैराश्यावर कोणत्या पद्धतीने काम करता? प्रशिक्षण कुठे झालं? अवघड केस असेल तर कुणाचं मार्गदर्शन घेता? फी किती, सत्र रद्द केलं तर काय? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. ‘तीन सत्रांत पूर्ण बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

साताराकर: खूप आभार. दोन-तीन सत्रांत फरक पडला नाही तर बदलायचं का? खर्चाचीही काळजी आहे.

मनवा: पहिलं सत्र बहुतेक माहिती घेण्यातच जातं. ‘नुसतं ऐकून घेतलं, उपाय काहीच सांगितला नाही’ अशी तक्रार तिथूनच येते, त्यावर निर्णय घेऊ नका. चौथ्या सत्रापर्यंत दोघांनी मिळून काही उद्दिष्ट ठरवलंय का, हे पाहा. सीबीटीला (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) साधारण १२ ते २० सत्रं धरतात, आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांचं. जुळत नसेल तर आधी थेरपिस्टलाच सांगावं. पुष्कळदा तिथून खरं काम सुरू होतं. ‘लग्न कर, सगळं ठीक होईल’ असले सल्ले, स्वतःचीच गाऱ्हाणी किंवा नकोसा स्पर्श, यांतलं काही घडलं तर मात्र लगेच बदला.

आणि एक कळकळीने सांगते: सत्रानंतर ‘काय बोललास?’ असं विचारू नका, थेरपिस्टला फोन करून अहवालही मागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो. घरी सगळं कळतं असं वाटलं की माणूस आत जाऊनही गप्प बसतो.

रेघ: खर्चासाठी पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग पाहा, फी अगदी थोडी. गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जावं. तिथे निदान आणि गोळ्या, बाहेर समुपदेशन, अशी विभागणीही चालते. दोघांना एकमेकांबद्दल सांगायचं एवढंच. ऑनलाइन सत्रही चालेल, फक्त भिंतीपलीकडच्या रूममेटला ऐकू जाणार नाही अशी जागा हवी. पहिल्या भेटीला एका कागदावर झोपेच्या वेळा, चालू औषधं, दारू-तंबाखूचं प्रमाण आणि घरात कुणाला मानसिक आजार होता का, एवढं लिहून न्यावं.