आरपीएम दिसतोय म्हणून पंप ठीक?

कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या लिक्विड कूलरबद्दल ‘बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जच्या स्क्रीनवर) पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतोय, म्हणजे पंप शाबूत आहे’ असं एक मत मांडलं गेलंय, ते पटलं नाही. तो आकडा मोटर फिरतेय एवढंच सांगतो, पाणी वाहतंय का ते नाही. पंपात हवा अडकली तर उलट आरपीएम वाढतोसुद्धा. त्यापेक्षा प्रोसेसरवर लोड टाकून (जड काम देऊन) पंप आणि रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) यांना जोडणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. प्रवाह नीट असेल तर दोन्हींच्या तापमानात फारसा फरक जाणवत नाही. प्रोसेसर शंभर अंशांना टेकलाय, एक नळी गरम, दुसरी आणि रेडिएटर गार, तर पाणी थांबलंय.

तरी लगेच नवा कूलर मागवू नका. पंप रेडिएटरपेक्षा उंच बसवला असेल (हे फार जण करतात) तर हवा तिथेच साठते. आधी रेडिएटरची जागा बदलून, तो पंपापेक्षा वर घेऊन बघा.