कोरल रुसलं की औषध द्यायचं, का गप्प बसायचं?

खारट_ठाणेकर:
मे महिन्यात आमच्याकडे सलग साडेसहा तास लाइट गेली. इन्व्हर्टरवर घरातले दोन पंखे आणि खाऱ्या पाण्यातल्या माशा-कोरलच्या टाकीचा एअरपंप एवढंच चालतं, पाणी गार ठेवणारा चिलर अर्थातच बंद. टाकी तीन बाय दीड बाय दीड फुटाची, दगड वगळून पाणी १६० लिटरच्या आसपास. तापमान ३१.५ ला गेलं. मासे वाचले, दोन्ही क्लाउन मजेत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोडस्टूल लेदर (हे मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ) बघितलं तर बाजारात दोन दिवस पडून राहिलेल्या अळंबीसारखं झालेलं, एकही पॉलिप (त्याची इवली तोंडं) बाहेर नाही, वर मेणचट करडा पापुद्रा. झेनिया लोळलेली, झोआ मुठी मिटून बसलेले (हीही माझी कोरलंच).

आता मी काय केलं ते ऐका आणि खुशाल शिव्या घाला. चार ठिकाणी फोटो टाकले, चार जणांनी चार काढे सांगितले आणि मी चारही पाजले. आयोडीनमध्ये बुडवून काढलं. अमिनो अॅसिड टाकलं. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची ताकद, मोजतात डीकेएचमध्ये) ७.५ होती ती "कमी आहे" म्हणून बफर घालून एका दिवसात १०.५ केली. आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे लाइट वाढवला, कोरलला ऊन हवं ना म्हणून. आठव्या दिवशी झेनियाचं अक्षरशः पिठलं झालं, सायफनने ओढून काढावं लागलं.

मग वैतागून सगळं बंद केलं. लाइट निम्म्यावर आणला, तापमान २६ ला बांधलं, वेव्हमेकरचा झोत थेट लेदरवर न मारता जरा तिरका केला आणि हात खिशात. १९व्या दिवशी तो पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून गेला, संध्याकाळपर्यंत पॉलिप बाहेर. झोआ मात्र मधे उघडले होते ते परत मिटलेत, त्यांना अजून वेळ लागेल असं दिसतंय.

तर माझं मत असं झालंय की आपली बरीच कोरलं आजाराने नाही, आपल्या उपचारांनी मरतात. उष्णतेने आधीच त्याच्या आतलं शेवाळ, म्हणजे ते झूझँथेली, बिथरलेलं असतं, त्यात आपण रोज पाण्याची केमिस्ट्री बदलतो. आजारी माणसाच्या खोलीत दर तासाला फर्निचर हलवल्यासारखं आहे हे. तुम्हाला काय वाटतं?

न्यूजर्सीचा_नाना:
ठाणेकर, लेदर वाचलं त्याचा आनंद आहे पण तुमचं मत मला धोकादायक वाटतं, स्पष्टच सांगतो. लेदर पापुद्रा टाकतंच. धडधाकट असलं तरी काही महिन्यांनी मिटतं, आठवडाभर मेल्यासारखं पडतं, कात टाकतं, परत उघडतं. वरची घाण आणि शेवाळ झटकायची त्याची पद्धतच आहे ती. तुम्ही काही केलं असतं तरी उघडलं असतं, नसतं केलं तरी उघडलं असतं. यावरून सिद्धांत कसला काढताय?

माझं ऐका. मी इथे टॉर्च नावाचं दगडी सांगाड्याचं हार्ड कोरल ठेवतो (इथे चालतं, तिकडचा कायदा मला माहितेय, कृपया त्यावर सुरू होऊ नका). मागच्या वर्षी रविवारी रात्री सहा तोंडांपैकी एका तोंडावर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी लोंबताना दिसलं. मीही तेव्हा तुमच्याच पंथाचा, म्हटलं स्ट्रेस असेल, बघू उद्या. सोमवारी ऑफिसला उशीर झाला. मंगळवारी सकाळी चार तोंडांचा नुसता पांढरा सांगाडा उरलेला आणि झाकण उघडलं तर सडक्या कोळंबीचा वास. ब्राउन जेली म्हणतात त्याला. तिथे एकच उपाय, वेव्हमेकर बंद करून आधी ती जेली सायफनने ओढून घ्यायची म्हणजे पाण्यात पसरत नाही, मग कोरल बाहेर काढून आजारी तोंड करवतीने कापून टाकायचं, उरलेलं आयोडीनमध्ये बुडवून वेगळ्या टाकीत. दोन तोंडं वाचली ती अशी. तापाला आराम ठीक आहे, साप चावल्यावर पण हळदीचं दूध देऊन झोपवणार का?

कोथरूड_रीफ:
नाना, सापाचं उदाहरण मस्त आहे पण रोज कोणाला साप चावतो? नवीन लोकांच्या टाकीत दहा वेळा मिटलेलं कोरल दिसतं त्यातलं ब्राउन जेली एखादं, तेही टॉर्च-हॅमरसारख्या हार्ड कोरलवर, आणि इकडे ती ठेवायला परवानगीच नाही. मी ठाणेकरांच्या बाजूने.

अल्कलिनिटीचंच घ्या. समुद्राच्या पाण्याची साधारण ७ डीकेएच असते. म्हणजे यांची ७.५ कमी नव्हतीच मुळात! पण बाटलीवर ८ ते १२ लिहिलेलं असतं ना, मग माणूस त्या आकड्याच्या मागे धावतो. ७.५ असू दे नाहीतर ९ असू दे, जे आहे ते रोज तेच असायला हवं. एका दिवसात ३ ने उडी मारली तर चांगलं कोरलही मिटेल, ते तर उष्णतेने आजारी पडलेलं पेशंट होतं.

माझी स्वतःची चूक सांगतो म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वी मला "स्वच्छ पाण्याचा" नाद लागला. फॉस्फेट रिमूव्हर लावला, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) चोवीस तास फुल, माशांना दिवसाआड चिमूटभर. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, टेस्ट ट्यूब बघून छाती फुगायची. महिन्याभरात सगळी कोरलं फिकट आणि मग वाळूवर तपकिरी चिकट तार यायला लागली, तिला बुडबुडे. डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव). म्हणजे पेशंटला औषध म्हणून उपासाला बसवलं होतं मी, आणि रिकाम्या घरात चोर शिरले. मग रिमूव्हर काढला, मासे पोटभर जेवू लागले, आता नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आगेमागे ठेवतो आणि रंग परत आले. चार महिने लागले पण.

मालवणचो_वारो:
गंमत वाटते वाचून. १९९८ ला लक्षद्वीपला पाणी तापलं तेव्हा केवढं प्रवाळ पांढरं पडून मेलं, तिथे कोणी चिलर लावला नाही. आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी पर्यटक स्नॉर्कलिंगला उतरतात आणि दमले की सरळ प्रवाळावर उभे राहतात. मी सीझनभर ओरडत असतो, पाय खाली सोडू नका. आणि इथे ठाण्यात साडेसहा तास लाइट गेली म्हणून हळहळ. तुमका पेटीत दर्या व्हयो, दर्यार जावक नको. माझं मत विचाराल तर वाचवायचं कसं हा प्रश्नच नंतरचा, ठेवताच कशाला?

खारट_ठाणेकर:
वारो, तुमचा राग पोचला, आणि अर्धा बरोबर आहे. पण माझ्याकडचं लेदर एका मित्राच्या टाकीतल्या लेदरचा कापलेला तुकडा आहे, त्याच्याकडचं आणखी कोणाच्या तरी टाकीतलं. हार्ड कोरल मी ठेवत नाही, ठेवणारही नाही.

कोथरूड_रीफ:
नवीन लोकांसाठी एक सांगून ठेवतो कारण दुकानात कोणी सांगत नाही. चुनखडीचा सांगाडा करणारी सगळी हार्ड कोरलं २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. सी फॅन नावाचं पंख्यासारखं कोरल पण. "इम्पोर्टेड आहे साहेब, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शोकेसमध्ये ठेवायला वाळलेला तुकडा आणलात तरी तेच. (आणि हो, अंगठीतलं मंगळाचं लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्रातलं, रीफ बांधणारं नव्हे. दर वेळी कोणीतरी विचारतंच.)

आकडेमोड_ताई:
सगळ्यांचं वाचलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी भांडताहेत पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. ठाणेकर, झोआ उघडले होते आणि परत मिटले असं तुम्ही सहज लिहून गेलात. उन्हाळ्याच्या धक्क्यातून सावरणारं कोरल हळूहळू उघडत जातं. उघडून परत मिटलं म्हणजे मधे नवीन काहीतरी घडलंय. सॅलिनिटी, म्हणजे पाण्यात दर हजारी मीठ किती, शेवटची कधी मोजली? आणि कशाने?

खारट_ठाणेकर:
ताई, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आहे. लाइट गेली त्या आठवड्यात मोजली होती, ३५ होती. त्यानंतर… हात खिशात होते 😅

न्यूजर्सीचा_नाना:
😂😂 घ्या.

आकडेमोड_ताई:
हसू नका नाना. ठाणेकर, आज मोजा, पण आधी रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या कॅलिब्रेशन सोल्यूशनने सेट करा, आरओच्या पाण्याने शून्यावर आणून नाही. शून्याला बरोबर दाखवणारं स्वस्तातलं रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दीड-दोनने चुकू शकतं, माझं चुकायचं.

तोवर झोआ अगदी जवळून बघा, रात्री टाकीचा लाइट बंद झाल्यावर टॉर्च (बॅटरीवाला, नानांचा नव्हे) मारून. देठावर पांढरे पुरळासारखे ठिपके आहेत का, झोआच्याच रंगाची इवलीशी गोगलगाय सारखी काही फिरतेय का. असं असेल तर गप्प बसून चालणार नाही, औषधाच्या पाण्यात बुडवावंच लागेल.

पहिलीच_टाकी:
मी यूट्यूबवर बघितलं की झोआचा दगड बाहेर काढून टूथब्रशने घासायचा आणि वर गरम पाणी टाकायचं, सगळे किडे मरतात. करू का? माझे पण मिटलेत.

आकडेमोड_ताई:
नाही. नाही. नाही. झोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, अतिशय जहाल विष आहे. उकळतं पाणी टाकलंत तर वाफेतून नाकात जाईल, घासताना उडालं तर डोळ्यात. अशाने अख्खी घरं हॉस्पिटलात गेलेली आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोआला हात लावायचा नाही, हाताला कापलेलं असेल तर मुळीच नाही. आणि दगड कधीही, कधीही उकळायचा नाही.

पहिलीच_टाकी:
बापरे. बरं झालं विचारलं. गॅसवर पातेलं ठेवलंच होतं.

खारट_ठाणेकर:
मंडळी, मोजलं. बसा आधी. ३८.५.

तीनदा मोजलं, सोल्यूशनने सेट करून. मग डोकं चालवायला लागलो. चिलर आल्यापासून मी टाकीवरचा पंखा लावत नव्हतो, पण त्या दिवसापासून भीतीने दोन्ही चालू ठेवतो, त्यामुळे पाणी दिवसाला ३ लिटर तरी उडतं. आणि मधे सहा दिवस मी बंगळुरूला होतो ऑफिसच्या कामाला. बाबांना सांगून गेलो होतो की रेघेपर्यंत पाणी भरत जा. बाल्कनीत दोन निळे ड्रम आहेत, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात वॉटरचेंजसाठी कालवून ठेवलेलं मिठाचं. बाबांना आत्ता विचारलं तर ते म्हणाले, "अरे समुद्राचे मासे ना ते, मग खारंच घालणार ना. गोडं कसं घालीन?"

काय बोलणार. लॉजिक तर बरोबर आहे त्यांचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे मीच सांगितलं नव्हतं.

कोथरूड_रीफ:
बाबांना माझा नमस्कार सांगा 🙏 हिशोबही लागतोय बघा. रोज ३ लिटर म्हणजे रोज शंभरेक ग्रॅम मीठ जास्तीचं, १६० लिटरात दिवसाला ०.६ च्या वर चढणार. सहा दिवसांत साडेतीन-चार. बरोब्बर.

न्यूजर्सीचा_नाना:
मग आता मान्य करा ठाणेकर. हात खिशात घालून तुम्ही झोआंना लोणच्यात मुरवत होता.

खारट_ठाणेकर:
मान्य, मोजायला हवं होतं. पण अर्धंच मान्य. समजा मिटलेले झोआ बघून मी परत आयोडीन, परत अमिनो, परत लाइट केला असता तर? ३८.५ च्या पाण्यात वर ते सगळं. आत्ता निदान मिटलेले आहेत, मेलेले नाहीत.

न्यूजर्सीचा_नाना:
हे वकिली उत्तर आहे. पण बरं आहे.

कोथरूड_रीफ:
नाना, तुम्ही म्हणता तसं "लगेच करा" म्हणून आता १५ लिटर खारं काढून १५ लिटर गोडं एकदम ओतलं तर चालेल का? सांगा ना.

न्यूजर्सीचा_नाना:
नाही चालणार. मी लगेच सुरू करा म्हणतो, लगेच संपवा म्हणत नाही. फरक आहे.

आकडेमोड_ताई:
भांडा तुम्ही. ठाणेकर, रोज ४ लिटर टाकीतलं काढायचं आणि ४ लिटर आरओ संपमध्ये (टाकीला जोडलेली फिल्टरची पेटी) हळूहळू सोडायचं, टाकीत कोरलच्या डोक्यावर नाही. त्याने दिवसाला साधारण १ ने उतरेल. चौथ्या दिवशी ३५ च्या जवळ याल. रोज उडालेल्या पाण्याचा टॉप-अप वेगळा, तो पण आरओचाच. अल्कलिनिटीही थोडी खाली येईल त्याबरोबर, येऊ दे, बफरच्या बाटलीला हात लावू नका.

मालवणचो_वारो:
एक विचारू? पावसाळ्यात खाडीच्या तोंडाला गोडं पाणी इतकं येतं की आमच्या किनाऱ्याजवळचं पाणी कित्येक दिवस अळणी असतं, गढूळ वेगळंच. तरी तिथलं प्रवाळ टिकून आहे. तुमची एवढी नाजूक कशी?

आकडेमोड_ताई:
चांगला प्रश्न आहे वारो. तुमची तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेच सोसून उरलेली आहेत, जी नाही सोसू शकली ती तिथे नाहीतच. शिवाय समुद्र पावसाने बदलला तरी त्यात कोणी त्याच आठवड्यात अमिनो अॅसिड नाही ओतत.

मालवणचो_वारो:
ह्यां पटला. तरी ठेवू नका ह्यां माझा म्हणणा कायम.

खारट_ठाणेकर:
तिसरा दिवस. ३५.८. कडेच्या झोआंपैकी सात उघडले, मधले अजून मिटलेले. बाबांनी स्वतः दोन्ही ड्रमवर खडूने लिहिलंय, "गोडे" आणि "खारे". खाली बारीक अक्षरात "विचारल्याशिवाय घालू नये", आता हे मला उद्देशून आहे का स्वतःला ते विचारायची हिंमत झाली नाही.

पहिलीच_टाकी:
माझी पण मोजली. ३१. आता वर कसं न्यायचं?