मदत हवी आहे : रुग्णवाहिका रेफरला गेली की मागे तालुक्याचं काय?

नमस्कार मंडळी. मी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. पुढच्या बैठकीत एक विषय मांडायचाय, त्यासाठी आरोग्य खात्यातल्या आणि 108 वर काम केलेल्यांचं मार्गदर्शन हवंय.

अडचण अशी, की डोक्याला मार लागलेला पेशंट जिल्ह्याला रेफर झाला की गाडी घाट उतरून जाते. तिथे पेशंट ताब्यात घेऊन आपलं स्ट्रेचर मोकळं करून मिळेपर्यंत ती दारातच उभी. तेवढा वेळ इथे कुणाला छातीत दुखलं तर गाडी शेजारच्या तालुक्यातून येणार. ड्रायव्हर आणि डॉक्टर जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. प्रश्न नियोजनाचा आहे. 2014 मध्ये राज्यात 937 गाड्यांची योजना आली, त्यांत अ‍ॅडव्हान्स (गंभीर पेशंटसाठी जादा उपकरणं असलेल्या) फक्त 233. म्हणजे गंभीर पेशंटला न्यायची गाडी आणि अपघाताला धावायची गाडी बरेचदा एकच.

रेफरसाठी वेगळी गाडी मागावी, की एक गाडी गेली की शेजारची हद्दीवर आणून उभी करायची पद्धत बसवावी? हा निर्णय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हातात असतो की पुण्याच्या नियंत्रण केंद्राच्या? (102 ची गाडी गरोदर बायका आणि बाळांसाठी आहे, तिच्यावर भार टाकायला माझा विरोध आहे.)

आणखी एक. फोन केल्यापासून गाडी पोचेपर्यंतचा वेळ गावनिहाय कुणी माहिती अधिकारात मागवलाय का? अर्जाचा मजकूर मिळाला तर फार उपकार होतील.