गडवाटेवरची शिदोरी : तुमचा अनुभव काय?

घाटवाट :
काल माळ्यावरची जुनी सॅक झटकताना राजगिऱ्याच्या वडीचा कागद निघाला आणि राजगडाहून तोरण्याला जाणारी डोंगरधार आठवली. त्या दिवशी माझ्याजवळ फक्त बिस्किटे होती. दुपारपर्यंत घशाला अशी कोरड पडली की एकेका बिस्किटामागे दोन घोट पाणी लागे, आणि त्या धारेवर पाणी तर जपून प्यावे लागते. शेवटी सोबतच्या काकूंनी दिलेल्या दशमीवर आणि लिंबाच्या गोड लोणच्यावर मी तोरणा गाठला. आपण काय नेता, हे अवश्य लिहावे.

निवृत्त_मास्तर :
शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० कॅलरी असतात, परंतु त्यांपैकी बहुतेक तेलातून येत असल्याने त्या सावकाश अंगी लागतात. गूळ मात्र लवकर रक्तात उतरतो. म्हणून खड्या चढाआधी गुळाचा खडा आणि सपाटीला शेंगदाणे, असा माझा क्रम आहे. कळसूबाईच्या शिड्यांखाली मी नेमके उलट केले होते. पहिल्याच शिडीवर शेंगदाणे घशाशी आले.

दहा_ते_सहा :
मास्तर, मे महिन्यात गूळ पाघळतो, हे आपण लिहिले नाहीत. हरिश्चंद्रगडावर आम्ही चिक्की कागदासकट चाटली आहे.

सांगलीकर :
चार तास घाम गाळल्यावर गोडाची शिसारी येते, तेव्हा भडंगच हवे. घामातून गेलेले मीठही त्याने थोडेफार भरून निघते. अडचण एकच आहे, की ते वजनाला हलके असले तरी निम्मी सॅक अडवते.

पायी_वारी :
पुण्याहून सासवडचा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा आहे आणि दिवे घाट त्याच वाटेवर लागतो. त्या वर्षी त्या दिवशी एकादशी होती, म्हणून आईने राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर बांधून दिले होते. लाडू हातात घेताच भुगा होतो, आणि तो भुगा मी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून खाल्ला. पुढे तासभर माउलींच्या गजराबरोबर मी शिंकत होते.

दहा_ते_सहा :
घाटवाट, त्या काकूंची दशमी कशी करतात, ते सांगाल का?

घाटवाट :
कणीक पाण्याऐवजी गूळ विरघळवलेल्या दुधात घट्ट भिजवायची आणि मंद आचेवर तूप सोडून भाजायची. पूर्ण निवल्याशिवाय मात्र डब्यात भरू नये, कारण वाफ धरली की ती दुसऱ्या दिवशीच आंबते.