मदत हवी आहे: चीजांच्या (रागदारी गाण्यांच्या) वह्या आणि त्यांत ठेवलेली पत्रे यांची सूची कशी करावी?

आमच्या गावच्या वाचनालयाला एका गायनशिक्षकांच्या घरच्यांनी पत्र्याची ट्रंक दिली असून तिच्यातील कागदांची सूची करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आत चीजांच्या ११ हस्तलिखित वह्या आणि मोडी व बालबोध लिप्यांतील सुमारे दीडशे पत्रे आहेत. मोडी मला वाचता येते; अडचण स्वरलेखनाची आणि नोंदीच्या पद्धतीची आहे.

स्वरलेखनाच्या दोन पद्धतींपैकी पलुसकर पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब मंद्र (खालचे) सप्तक दाखवते, तर भातखंडे पद्धतीत तेच टिंब तार (वरच्या) सप्तकाचे असते. पहिल्या तीन वह्यांत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) १ हा आकडा असल्यामुळे त्या पलुसकर पद्धतीच्या आहेत हे उघड आहे, आणि सातव्या वहीपासून समेला फुली दिसते, म्हणजे तेथे भातखंडे पद्धत आली. मधल्या तीन वह्यांत मात्र तालाची खूणच नाही. त्यांतील यमन रागाच्या एका चीजेची सुरुवात ‘नि रे ग’ अशी असून टिंब फक्त ‘नि’वर आहे, यमनची चाल पाहता तो मंद्र निषाद (खालचा ‘नि’) असणार, म्हणजे या वह्याही पलुसकर पद्धतीच्या, असे मला वाटते. असे अनुमान सूचीत लिहावे, की ‘डोक्यावर टिंब’ एवढेच नोंदवून पद्धतीचा रकाना मोकळा सोडावा?

पत्रांपैकी बरीचशी वह्यांच्या पानांत ठेवलेली होती. एका पोस्टकार्डावर शक न घालता केवळ ‘कीलकनाम संवत्सर, पौष वद्य’ असे लिहिले आहे. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी परत येते; हे संवत्सर शके १७७० आणि १८३० या दोन्ही वर्षी येते, पण आपल्याकडे पोस्टकार्डे १८७९ साली सुरू झाल्याने शके १८३० हेच धरावे लागते. आणि पौष वद्य असल्यामुळे इसवी सन काढताना शकात ७८ नव्हे, तर ७९ मिळवून जानेवारी १९०९ येतो. त्याच कार्डाच्या मोकळ्या कडेला, ज्या पानात ते होते त्या पानावरच्या चीजेचा अंतरा (दुसरा भाग) शिसपेन्सिलीने उतरवला आहे. पहिल्या तीन वह्यांतील पत्रे मात्र मी उत्साहाच्या भरात, पानांचे क्रमांक न टिपताच, काढून तारखेप्रमाणे लावली, याची आता चुटपुट लागली आहे.

उरलेली पत्रे जागीच ठेवून त्यांना वहीचा उपक्रमांक द्यावा, की वेगळ्या पाकिटात ठेवून दोन्हीकडे परस्परनिर्देश करावा? आणि काढलेल्या पत्रांची मूळ जागा कागदावरील डाग व घड्या यांवरून कोणी शोधली असल्यास, ती सूचीत कोणत्या शब्दांत नोंदवली, हे कृपया कळवावे.